आबाजींच्या कॅटालिनासाठी, काकाजींना

काकाजी, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर फोन उचलण्यापलीकडे काही करत नाही हे माहीत आहे, नातवाकडून वाचून घ्या. समोर बसलं की माझा घसा भरून येतो, त्या दिवशीही नुसतं चहा घ्या चहा घ्या करत राहिलो.

आमचे आबाजी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मद्रासजवळ रेड हिल्सच्या तलावावर पत्र्याच्या कामाला होते. तिथे कॅटालिना उतरायच्या, पाण्यावर उतरणारी विमानं, पंख १०४ फुटांचा. तिथल्या विमानांना स्वतःची चाकं नसायची, काठावर ओढायचं तर माणसांनी पाण्यात उतरून बाहेरून चाकं लावायची. आबाजी हे सांगायचे अन् आम्ही पोरं नागपूरच्या अंबाझरी तलावाकडे बघून विचारायचो, इथे उतरेल का हो? अशी तीन हजारांवर विमानं बनली, लढाई संपली अन् बहुतेक मोडीत गेली. आमच्याकडे राहिली ती आबाजींनी उरलेल्या पत्र्यातून घडवलेली हातभर लांबीची. एका खांबावर तोललेला पंख, अन् पाण्यावर तोल सांभाळणारे टोकाचे तरंगे वर दुमडले की पंखाचंच टोक होतात, अगदी खऱ्यासारखं.

ती दुरुस्त करायला मी कुठे कुठे नाही गेलो! एका ठिकाणी पंख बसवताना लोखंडी स्क्रू ठोकले. दुसरीकडच्या साहेबांनी पिशवीतून बाहेरसुद्धा काढू दिली नाही, म्हणे भंगार आहे, बफ मारून शोकेसमध्ये ठेवा. आई त्या दिवशी जेवली नाही.

अन् तुम्ही, आयुष्यभर वायुसेनेत विमानाचा पत्रा सांभाळलेला माणूस, आधी हात धुऊन आलात. स्क्रूभोवतीची पांढरी भुकटी दाखवलीत, की अल्युमिनियमला लोखंड चिकटलं अन् ओल लागली की अल्युमिनियम खाल्लं जातं, समुद्रावरच्या खऱ्या विमानांचंही खाऱ्या पाण्याने हेच व्हायचं. म्युझियमवाले जुना रंग खरवडत नाहीत, जमेल तेवढा तसाच ठेवतात, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते वेगळंच. डाव्या पंखाखाली कापड फिरवता फिरवता तुम्ही थांबलात, चष्मा वर केलात, टॉर्च मागितला. रंग ओला असताना उमटलेला अंगठा होता तिथे, रेघा न् रेघा दिसत होत्या. ऐंशी वर्षं आमच्या घरात होता अन् आम्हाला कुणाला दिसला नाही. तुम्ही मला नाही दाखवलात, आधी स्वयंपाकघरातून आईला बोलावलंत, "वहिनी, या इकडे, मामंजींचा अंगठा पाहा." अन् म्हणालात, एवढी जागा मी पुसणार नाही.

आई कितीतरी वेळ टॉर्च धरून उभी होती. शेवटची दोन वर्षं आबाजींना तिनेच भरवलंय, तो हात तिच्या ओळखीचा होता.

पैसे घेतले नाहीत, वर स्क्रू काढलेल्या भोकांत बसवायला अल्युमिनियमचे रिव्हेट स्वतः घडवून आणलेत. काकाजी, दुसऱ्याच्या घरची वस्तू अशी जपून धरणारी माणसं आहेत म्हणून माणूस परत कुणाचं तरी दार वाजवायची हिंमत करतो, नाहीतर मी ती पिशवी माळ्यावरच टाकणार होतो.

तरंगे आता एका बोटाने दुमडतात. तुम्ही दिलेल्या मऊ ब्रशनेच आई धूळ काढते, डावा पंख सोडून. रविवारी या, पातोडीचा रस्सा आहे, अन् नातवालाही आणा, त्याला तो अंगठा आई स्वतः दाखवणार म्हणते.