तपासणी होईस्तोवर गहू बंद करायचा नाही

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय वंदू,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात नंबर लावून बसले होते. भोवती इतकी माणसं होती की 'बरं आहे, मग बोलते' एवढंच म्हणून ठेवला. फोनवर हे सगळं सांगताही आलं नसतं. आज चिऊ जरा झोपली आहे, हे तुरीच्या खळ्यावर गेलेत, म्हणून लिहायला बसले.

आधी मुद्द्याचं सांगते. चिऊला सिलियाक नावाचा आजार असावा, असा डॉक्टरांना दाट संशय आहे. रक्ताची तपासणी तसंच सांगते. पक्कं व्हायला नागपूरला दुर्बीण घालून आतड्याचे तुकडे काढावे लागतील. त्यासाठी मंगळवार मिळाला आहे. तोपर्यंत तिला रोज थोडा तरी गहू द्यायचाच आहे. यातलं हे शेवटचंच मला सगळ्यात जड जातंय.

तू तिला बारशात पाहिलंस. जन्मली तेव्हा २ किलो ९०० ग्रॅम होती. सहा महिने नुसतं अंगावरचं दूध, आणि सहाव्या महिन्यात काट्यावर ७ किलो २०० भरली. अंगणवाडीच्या ताई तिला उचलून घेऊन सगळ्यांना दाखवायच्या. मग वरचं खाणं सुरू केलं, आपल्याकडे करतात तसंच. गव्हाच्या सत्त्वाची खीर, रव्याची पेज, वरणात कुस्करलेला फुलका, अंगणवाडीतून मिळणारी पाकिटं. पहिले दोनेक महिने काहीच जाणवलं नाही. नवव्या महिन्यापासून पोट बिघडलं ते बिघडतच गेलं. शी पांढुरकी, भसाभस, तेलकट, धुतली तरी लंगोटाला राहणारी, आणि वास असा की खोलीत थांबवत नाही. पोट तट्ट फुगलेलं, आणि मांड्या नि ढुंगण सुकून कातडीला सुरकुत्या. हसरं लेकरू दिवसभर किरकिर करायला लागलं. घास पुढे केला की तोंड फिरवायचं. उभं राहायचं तर नावच काढेना. आज १४ महिन्यांची आहे आणि वजन ६ किलो ७०० आहे. सहाव्या महिन्यात होतं त्याहूनही कमी, वंदू. कुपोषण मोजायची दंडाची पट्टी ११.८ सेंटिमीटरला, म्हणजे पिवळ्यात आहे. ११.५ च्या खाली गेली की लाल.

दवाखाने किती झाले ते विचारू नकोस. कुणी म्हणालं दात येताहेत, कुणी म्हणालं जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक झालं, झिंक झालं, ओआरएस तर घरात कायमच. जंताचं औषध झालं. दूध पचत नसेल म्हणून दूध बंद करून महागडा डबा सुरू केला. टीबी नाही ना म्हणून छातीचा फोटो काढला. हिमोग्लोबिन ७.४, आणि लोहाचं औषध महिनोन्महिने देऊनही ते तिथल्या तिथेच. या सगळ्यांना मी नावं ठेवत नाही. आपल्या भागात लेकराला हगवण लागली तर बहुतेक वेळा कारण जंतूच असतात, आणि डॉक्टर आधी तेच शोधणार. पण एक गोष्ट मनातून जात नाही. प्रत्येकानं त्या दिवशीचं पोट पाहिलं. वजनाची वही कुणी मागितली नाही. एका खासगी दवाखान्यात तर माझ्याकडे न बघता ह्यांना सांगितलं, 'आईला नीट खाऊ घालायला सांगा.' मी तिथेच उभी होते.

घरातही तेच. सासूबाई म्हणायच्या, 'तुह्यं दूधच पातय हाये, तिले खीर दे जास्तीची.' शेजारच्या आजी दर शनिवारी नजर उतरवून जायच्या. लोक दारातूनच विचारायचे, 'काहून वं, पोट्टी काहून सुकली?' मी रडायचे ते न्हाणीत जाऊन. तुला सांगते, माझ्या दुधानं सहा महिने तिला दुपटीच्या वर वाढवलं होतं. तो काटा खोटं बोलत नव्हता. पण एकदा 'कुपोषित' हा शब्द लेकराच्या नावापुढे लागला की सगळे आईच्या हाताकडे आणि स्वयंपाकघराकडे बघतात.

सासूबाईंबद्दल मात्र मन कडू करू नकोस. त्यांची दुसरी मुलगी दोन वर्षांची असताना अशीच वाळत वाळत गेली. कशानं, ते कुणालाच कळलं नाही, तेव्हा कुणी शोधलंही नाही. हे त्यांनी मला गेल्या महिन्यात पहिल्यांदा सांगितलं. चिऊला उचलून उचलून खीर भरवायच्या, ती त्याच भीतीनं.

वाट सापडली ती अंगणवाडीत. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांची तपासणी करायला आलं होतं. त्यातल्या डॉक्टर मॅडमनी चिऊचं पोट पाहिलं, मग ताईंकडून वाढीचा तक्ता मागवला आणि बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिल्या. रेघ सहा महिन्यांपर्यंत चढती, मग आडवी, मग खाली. त्यांनी पेन्सिलीनं त्या वळणावर खूण केली आणि विचारलं, 'वरचं कधी सुरू केलं? आणि त्यात काय काय होतं?' इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी सांगत गेले. माझ्या प्रत्येक वाक्यात गहू होता, हे माझं मलाच ऐकू येत होतं. त्यांनी चिठ्ठी लिहून यवतमाळच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथल्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ज्यांना हा आजार असतो त्यांचं शरीर ग्लूटेन पोटात गेलं की स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. आतड्याला आतून बारीक लव असते, नव्या टॉवेलला असते तशी, आणि अन्न तिच्यातूनच अंगात शिरतं. ती लव झिजून सपाट झाली की कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. म्हणूनच लोहाचं औषधही लागू पडत नव्हतं. याचा कल आईबापाकडून आलेल्या जीनमधून येतो, पण तो जीन असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही, थोड्यांनाच होतो. हा संसर्ग नाही, आणि आईच्या दुधाचा यात काही दोष नाही. हे शेवटचं त्यांनी ह्यांच्याकडे बघून सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

तपासणीचं नाव टीटीजी-आयजीए. हे नाव लिहून ठेव, कारण पुढे मी तुला त्यासाठीच एक काम सांगणार आहे. सोबत एकूण आयजीएही (रक्तातलं एक प्रतिपिंड) बघायचं असतं. काही मुलांच्या अंगात आयजीएच कमी असतं, मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. रक्त यवतमाळहून बाहेर पाठवलं. चिऊचा आकडा आला ६४, त्या लॅबची मर्यादा १०. मर्यादेच्या दहापट किंवा जास्त आला असता, आणि दुसऱ्या वेळी रक्त काढून केलेली आणखी एक तपासणी जुळली असती, तर लहान मुलांत तुकडा न काढताही निदान करतात. आमचं सहापटीवर अडलं. म्हणून दुर्बीण.

आणि म्हणूनच गहू. तपासणीच्या आधी गहू बंद केला तर आतडं सुधारायला लागतं, रक्तातला आकडा उतरतो, आणि मग आजार आहे की नाही हे धड सांगता येत नाही. ह्यांनी मोबाईलवर वाचून त्याच रात्री पिठाचा डबा उचलून बाहेर ठेवला होता. 'जे लेकराले खाऊन रायलं ते घरातच नको,' म्हणाले. त्यांचं काय चुकलं? बापाचं काळीज आहे. मी डॉक्टरांना फोन लावून त्यांच्याच कानाला दिला, तेव्हा डबा परत आत आला. तेव्हापासून रोज सकाळी मी एक लहानसा फुलका करते, वरणात भिजवते आणि तिला भरवते. ती तोंड फिरवते, तरी भरवते. दुपारी पोट फुगतं, ती कळवळते, आणि मला माहीत असतं की हे माझ्या हातून गेलंय. मनाला एवढंच बजावते, की आज पक्कं कळलं नाही तर उद्या आयुष्यभर अर्धवट पथ्य होईल. लग्नात कुणी म्हणेल, एक पुरी खाल्ल्यानं काय होतं, आणि आपल्याकडे त्याला उत्तर नसेल. हे पथ्य जन्मभराचं आहे. एवढं मोठं ओझं नुसत्या संशयावर लेकराच्या डोक्यावर ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

रात्री झोप येत नाही तेव्हा वाचत असते. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गव्हावर त्यांचा आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, माणसं उपाशी मरत होती. आणि त्याच दिवसांत या आजाराची मुलं सुधारत होती. पाव परत आला तशी ती परत आजारी पडली. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. म्हणजे गव्हाचं हे माहीत होऊन पंचाहत्तर वर्षं झाली, वंदू, आणि आमच्या तालुक्यात एक पेन्सिलीची खूण व्हायला चिऊला पाच महिने वाळावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, उत्तर भारतात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असतो, दक्षिणेत फारच कमी. आपण मधले. आपल्याकडे हा पंजाब-हरियाणाचा आजार समजतात, म्हणून कुणाच्या मनातच येत नाही. पण आता आपलं ताट तरी कुठे पहिलं राहिलंय? माझ्या आजीच्या घरी पोळी सणाला व्हायची, रोज ज्वारीची भाकर आणि कण्या. आता ज्वारीच्या वावरात सोयाबीन आहे. थोडी पेरली तर रानडुकरं आणि पाखरं ठेवत नाहीत. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, लेकरांच्या हातात बिस्किट असतं. गव्हाला मी वाईट म्हणत नाही, त्यानं कितीतरी घरं जगवली. पण ताट बदललं तर दवाखान्यातले प्रश्नही बदलायला हवेत.

सासूबाईंनी माळ्यावरचं जातं उतरवून घेतलंय. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली की गव्हाचं पीठ मिसळतंच, आणि या आजारात तेवढंही चालत नाही. जात्याला टाकी लावणारा बोलावला होता. परवा बसून त्यांनी काय चालेल नि काय नाही ते माझ्याकडूनच वदवून घेतलं. रोडगे, सरगुंडे, कुरडया, शिऱ्याचा प्रसाद नाही. भाकर, कण्या, आंबील, धापोडे, भात, तुरीचं वरण, मूग चालेल. म्हणाल्या, 'मंग अर्धं जेवन तं आपलंच हाये.' निदान पक्कं झालं तर आम्हा सगळ्यांची रक्ततपासणी करायची आहे. सख्ख्या नात्यात दहातल्या साधारण एकाला हा आजार निघतो म्हणे, आणि काहींना त्रासही जाणवत नसतो. दादूही हडकुळाच आहे, त्यामुळे त्याचीही धास्ती आहेच.

आता तुझं काम. तुझ्या हिंगणघाटच्या बहिणीचा मुलगा वर्षाचा झाला तरी वजन धरत नाही, असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. त्याला हेच असेल असं मी म्हणत नाही, कारणं शंभर असतात. पण तिला सांग, वजनाची वही घेऊन जा, वरचं कधी सुरू केलं ते डॉक्टरांना आपणहून सांग, आणि टीटीजी करायची का हे विचार. आणि माझं ऐकून गहू बंद करू नको म्हणावं. आधी तपासणी, मग जे करायचं ते.

सोमवारी संध्याकाळी आम्ही एसटीनं नागपूरला येतो, मुक्काम तुझ्याकडे. सासूबाई पण येताहेत, त्यांना खाली गादी चालते. मंगळवारी सकाळी चिऊला उपाशीपोटी न्यायचंय. भूल देऊन करणार आहेत. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून भुलेचे डॉक्टर आधी तपासतील, तीच मला भीती आहे. त्या वेळी तू दारापाशी थांबशील का? शाळेतून अर्धी रजा निघाली तर बघ. रिपोर्टला काही दिवस लागतील. गहू त्याच दिवसापासून सोडायचा की रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं, हे मला तिथे विचारायचंय. मी विसरले तर तू आठवण कर.

सोड म्हणाले, तर संध्याकाळी तिच्यासाठी मऊ मुगाची खिचडी लागेल. तांदूळ आणि डाळ मी घरूनच निवडून आणते, तू फक्त कुकर स्वच्छ घासून ठेव. आणि फोडणीत हिंग घालू नकोस, बाजारच्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो.

भाऊजींना नमस्कार, पिल्लूला तिळगूळ.

तुझी,
सुलू