रविवारच्या मीटिंगची आठवण, शिवाजी विद्यापीठ इतिहास विभाग माजी विद्यार्थी ग्रुप

नमस्कार मंडळी, रविवारी सकाळी दहाला भेटायचंय, विसरू नका. नव्या मुलांना विभागाची ओळख करून द्यायचीय, तर नुसती भाषणं नकोत, प्रत्येकाने काहीतरी दाखवायला आणा.

आपलं विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते सुरू झालं आणि पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासकार, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगा, कारण ताराबाईकालीन कागदपत्रांचं संपादन करणारा माणूस जिथे कुलगुरू होता तिथे अस्सल कागदापर्यंत गेल्याशिवाय इतिहास लिहायचा नाही हे आपोआपच आलं. दक्षिण महाराष्ट्राचा, करवीर संस्थानाचा, शाहू महाराजांच्या काळाचा इतिहास इथल्याच कागदांवरून इथल्याच मुलांनी लिहावा, माझ्या मते विभागाचं खरं काम हेच.

आणि त्यासाठी मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची जोडअक्षरी लिपी, वाचता यायला पाहिजेच! मला अजून आठवतं, पहिल्यांदा कागद हातात आला तेव्हा वर आडवी रेघ आधीच मारलेली आणि अक्षरं तिला लटकवत नेलेली, शब्द कुठे तुटतो तेच कळेना. तारखेचा शुहूर सन, म्हणजे त्या जुन्या कागदांतली कालगणना, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे तेव्हा कुठे इसवी सन निघायचा. तासभर बसून चार ओळी लागल्या, पण काय आनंद झाला होता.

घरात जुनी मोडी कागदपत्रं असतील तर झेरॉक्स आणा, मूळ कागद नको, आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका प्लीज. येणार का ते शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, चहा-नाश्त्याचं सांगायचंय.