हिरवळ रस्त्यापेक्षा खाली हवी

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की विद्यापीठांच्या आवारांत ठरलेले काम निघते: मोठ्या व्यासाचे पाइप टाका आणि पाणी लवकरात लवकर हद्दीबाहेर काढा. मी एका विद्यापीठाच्या उद्यान विभागात पर्यवेक्षक आहे. निविदा माझ्या टेबलावरून जात नाहीत, पण पाणी माझ्या वाफ्यांवरून जाते, म्हणून लिहितो आहे.

पाइप वाढवल्याने पाणी नाहीसे होत नाही, खालच्या ओढ्याच्या अंगावर जाते एवढेच. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर डांबरी पार्किंगवर २५ मिलिमीटर पाऊस झाला की अडीच लाख लिटर, आणि त्यातले बहुतेक वाहूनच जाते. सोबत गळलेले ऑइल, टायरचा चुरा, ब्रेकची तांबेयुक्त धूळ, सिगारेटची थोटके. पहिल्या सरीचे पाणी सर्वांत घाण असते. सांडपाणी निदान शुद्धीकरण केंद्राकडे जावे अशी व्यवस्था तरी असते. पावसाळी गटाराचे पाणी बहुतेक ठिकाणी जाळीतून सरळ ओढ्यात किंवा तळ्यात. हे भल्याभल्या प्राध्यापकांनाही सांगावे लागते.

त्याच जाळीवर रंगारी ब्रश धुतात, बांधकामवाले काँक्रीट मिक्सर धुतात. सिमेंटचे ते पाणी तीव्र अल्कधर्मी असते, ओढ्यातल्या माशांच्या जिवावर उठते. उद्यान विभागांनाही मोकळे सोडू नका. पाऊस येणार म्हणून आदल्या दिवशी फेकलेले खत आणि गटारात लोटलेला पालापाचोळा तळ्यातल्या शेवाळाला पोसतो. शेवाळ मेले की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या आवारातला कुठलाही वाफा बघा. रस्त्यापेक्षा वीतभर उंच, भोवती सलग कडेचे दगड आणि मध्ये मातीचा फुगवटा. रस्त्याचे पाणी आत शिरू शकत नाही. उलट वाफ्यातली माती सरीबरोबर रस्त्यावर येते आणि तिथून जाळीत. दोन दिवसांनी त्याच वाफ्याला आम्ही नळाचे पाणी घालतो! हे उलटे करायला हवे. वाफा रस्त्यापेक्षा वीतभर खाली घ्या, कडेच्या दगडांत ठिकठिकाणी हातभर रुंदीची खाच ठेवा, खाचेपाशी चार गोटे टाका म्हणजे माती खणली जाणार नाही. गवत आणि मुळे वेग मोडतात, गाळ खाली बसतो, तेल आणि धातूंचा बराचसा भाग मातीत अडकतो. जास्तीचे पाणी जाईल अशी उंचवट्यावरची जाळी तेवढी ठेवा. जमीन चिकण असेल तर वाळू मिसळून तळाशी छिद्रांचा पाइप घालावा लागतो, त्याला पर्याय नाही.

डासांचे काय, असे हमखास विचारतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. नीट केलेला वाफा दिवस-दोन दिवसांत कोरडा होतो. होत नसेल तर तो दुरुस्त करायचा, बुजवायचा नाही.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. ‘पुनर्भरण’ असा फलक लावून पार्किंगचे पाणी थेट बोअरवेलमध्ये सोडतात. मातीने जे गाळायचे, ते वगळून ऑइल सरळ भूजलात पोचवण्याचा हा प्रकार आहे. बोअरमध्ये सोडायचेच तर छताचे पाणी सोडा, तेही पहिल्या सरी बाजूला काढून आणि गाळून.

यातल्या बऱ्याच कामांना नवा निधीही लागत नाही. रस्त्याचे डांबरीकरण होतेच, कडेचे दगड तेव्हा उखडलेलेच असतात. पुढच्या निविदेत पाइपच्या व्यासाशेजारी वाफ्याची पातळी हा आणखी एक आकडा लिहावा आणि मोजमाप घेताना उद्यान विभागाच्या माणसाला बोलवावे.

आपला,
विद्यापीठातील एक उद्यान पर्यवेक्षक