ताई, त्या रात्री फोन तुम्ही माझ्याच हातात दिलात

ताई,

तुम्ही रिटायर होऊन दीड वर्ष झालं आणि तोंडावर कधी नीट थँक्यू म्हणलंच नाही, तुमच्यासमोर बोलायला गेलं की मला रडूच येतं, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिते. दवाखान्याचं नाव घालत नाही, सांगली-मिरजेत दवाखाने काय कमी आहेत होय.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून नुकतीच लागले होते, मेल मेडिकल वॉर्डला. तिसऱ्याच दिवशी एका आजोबांची आयव्ही आउट होऊन, म्हणजे सलाईनची सुई शिरेबाहेर सरकून, हात सुजला आणि एक सिनियर सिस्टर त्यांच्या बेडजवळच ओरडल्या, "कुठनं शिकून आलीस गं, एवढं पण कळत नाही?" आजोबांची सून बघत होती. दुपारी गोळ्या द्यायला गेले तर ती म्हणली, दुसऱ्या सिस्टरला पाठवा. ओरडण्यापेक्षा ते जास्त लागलं.

लिननच्या खोलीत रडत बसले होते. बाकीच्या सगळ्या "जाऊ दे, सवय होईल" म्हणून गेल्या, तुम्ही आलात आणि आधी विचारलंत, आजोबांचा हात आता कसा आहे. मग म्हणलात, तोंड धू, पेशंटसमोर उलट बोलायचं नाही, पण ड्युटी संपायच्या आत त्यांना बाजूला घेऊन सांगायचं, मॅडम माझं चुकलं ते सांगा, मी शिकते, पण बेडजवळ ओरडू नका, पेशंटचा माझ्यावरचा विश्वास जातो. मी पाठ करून गेले, आवाज कापत होता. त्या सॉरी वगैरे काही म्हणल्या नाहीत, पण बेडजवळ परत कधी ओरडल्या नाहीत.

पण खरं थँक्यू नाईटच्या त्या फोनसाठी. जतचा पेशंट, शुगर ४०० च्या वर, डॉक्टरांनी फोनवर इन्सुलिन सांगितलं, मी "किती सर?" विचारलं तर "ऐकू येत नाही का" म्हणून फोन ठेवूनच दिला. सिक्स्टीन की सिक्स्टी, खरंच कळलं नव्हतं. परत बोलणी खायची हिंमत नव्हती, सोळाच असणार असं धरून मी सिरिंज हातात घेतलेली. तुम्ही ती ट्रेमध्ये ठेवायला लावलीत आणि फोन माझ्याच हातात दिलात, स्वतः नाही लावलात. "त्यांचा राग त्यांच्यापाशी, इन्सुलिन पेशंटच्या अंगात जाणाराय." मग मी म्हणलं, सर ऑर्डर वाचून दाखवते, रेग्युलर इन्सुलिन, वन सिक्स, १६ युनिट, बरोबर? पलीकडनं नुसतं "हो". मला हायसं वाटलं, तुम्ही मात्र म्हणलात, अंदाज खरा ठरला ते नशीब. मग सिरिंज उजेडात धरून माझ्याबरोबर युनिट मोजलेत, फाईलला वेळ लिहायला लावलीत, सकाळी ऑर्डरवर त्यांची सही पण घ्यायला लावलीत.

तो डॉक्टर अजून तुसडाच बोलतो ताई. पण मी वाचून दाखवल्याशिवाय फोन ठेवत नाही.

आणि ती वही. कोण ओरडलं, कधी, काय शब्द, शेजारी कोण होतं, एवढंच लिही, तुझं मत लिहू नको म्हणलेलात, आणि थांबलं नाही तर मॅट्रन मॅडमना, म्हणजे सगळ्या नर्सच्या प्रमुखांना, लेखी दे. २०१३ च्या कायद्याची कमिटी कामाच्या ठिकाणी बायकांना होणाऱ्या लैंगिक त्रासासाठी असते, नुसत्या ओरडण्याची तक्रार तिथं चालत नाही, हे पण तुम्हीच सांगितलंत, आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी माझा ऑफ आहे, हरिपूरला येते. तुमचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडंच राहिलाय.

तुमची,
मेल वॉर्डातली रडकी