राग गिळण्याचे प्रशिक्षण

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भावनिक बुद्धिमत्तेच्या कार्यशाळा आता शाळांपासून कार्यालयांपर्यंत सर्रास भरू लागल्या आहेत. त्यांची गरज मला मान्य आहे. तथापि राग आला की दीर्घ श्वास घ्या, दहापर्यंत अंक मोजा आणि हसतमुख राहा, एवढे सांगून त्यांतील अनेक ठिकाणी सहभागींची बोळवण केली जाते, याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० साली ही संकल्पना मांडली, तेव्हा स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतील भेद जाणणे आणि त्यानुसार विचार व कृती करणे, असा तिचा अर्थ सांगितला होता. यातील ‘भेद जाणणे’ नेमके गाळले जाते. मी ज्या एका प्रशिक्षणाला बसलो होतो, तेथे अलीकडच्या एखाद्या भांडणाविषयी एकच शब्द लिहायचा होता. बहुतेकांनी ‘राग’ लिहिले. प्रशिक्षिकेने तो खोडून दुसरा शब्द शोधायला लावला, तेव्हा माझ्या कागदावर ‘अपमान’ उतरला आणि शेजारच्या गृहस्थांच्या कागदावर, बऱ्याच वेळाने, ‘भीती’. अपमान झालेल्याला दिलगिरी हवी असते, घाबरलेल्याला दिलासा. दोघांनाही श्वास मोजायला लावून काय साधणार? (वैताग, त्रागा, उद्वेग, हिरमोड असे शब्द हाताशी असताना आपण सगळ्यालाच ‘टेन्शन’ म्हणतो, हे आणखी वेगळे.)

भावना नुसती दाबण्याचे परिणाम मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांतून दिसले आहेत: चेहऱ्यावर काही उमटू न देणाऱ्यांची नकोशी भावना कमी झाली नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढला. घटनेकडे वेगळ्या दृष्टीने पाहणाऱ्यांना तुलनेने बरे वाटले. ही सवय एका दुपारच्या व्याख्यानाने लागत नाही. भावनिक व सामाजिक कौशल्ये शिकवणाऱ्या शाळांतील २१३ उपक्रमांचा, म्हणजे सुमारे २,७०,००० विद्यार्थ्यांचा, २०११ साली प्रसिद्ध झालेला आढावाही हेच सुचवतो. वागणूक आणि अभ्यास दोन्ही सुधारले, परंतु टप्प्याटप्प्याने व प्रत्यक्ष सरावातून शिकवले तेथे परिणाम अधिक चांगले होते.

आणखी एक. कामाचा बोजा वाढवायचा, तक्रार ऐकून घ्यायची नाही आणि मग कर्मचाऱ्यांनाच भावना आवरण्याचे धडे द्यायचे, हा प्रकार अप्रामाणिक आहे. संस्थांनी पुढील कार्यशाळेच्या पहिल्या रांगेत वरिष्ठांना बसवावे आणि वर्षभराच्या सरावासाठी कामाच्या वेळेतूनच तास राखून ठेवावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक