मन मालकाचं ढळलं, नोकरी तिची गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर 2014. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. भोसरीच्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात मी एका मुलीचा शेवटचा हिशेब केला. चौदा दिवसांचा पगार, एका महिन्याचा नोटीस पगार 9,500 रुपये आणि सरल्या वर्षाचा कायद्याने किमान बोनस 3,499 रुपये. बोनसची ओळ मला कोणी सांगितली नव्हती, मीच घातली. साहेबांनी काही न बोलता सही केली. नोकरी चार वर्षं दोन महिन्यांची, पाच वर्षं भरली नव्हती, म्हणून ग्रॅच्युइटी नाही. पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढायचे फॉर्म तिच्यापुढे ठेवले तेव्हा ती म्हणाली, “ताई, घरी काय सांगू? माझं चुकलं काय, एवढं तरी सांगा.”

तिचं काही चुकलं नव्हतं. ती डिस्पॅच बघायची. चार वर्षांत तिच्या चलनात मला कधी खाडाखोड दिसली नाही. साहेबांना ती आवडू लागली होती, एवढंच. पाऊस असला की नाशिक फाट्यापर्यंत गाडीतून सोडायचे, रात्री ‘जेवलीस का’ म्हणून मेसेज करायचे. ती कधी उत्तर द्यायची, कधी नुसता हसरा चेहरा पाठवायची. एक दिवस वहिनींनी फोन पाहिला. तिसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून साहेब म्हणाले, “तिचा हिशेब करून टाका. तिचा दोष नाही, पण माझ्या घरात शांतता राहायला हवी.”

अशी गोष्ट फक्त भोसरीत घडते असं नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात एका दंतवैद्याने साडेदहा वर्षं उत्तम काम केलेल्या सहायिकेला 2010 मध्ये काढलं. कारण तेच: तिच्याबद्दल ओढ वाटू लागली आणि बायकोने आग्रह धरला. हातात काय, तर एका महिन्याचा पगार. तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सातही न्यायमूर्तींनी, सगळे पुरुष, हा स्त्री म्हणून केलेला भेदभाव नाही असा निकाल दिला आणि फेरविचारानंतर 2013 मध्ये तोच कायम ठेवला. ही बातमी वाचली त्या दिवशी मला आमच्या केबिनचं दार आठवलं.

कुणी म्हणेल, टाळी एका हाताने वाजत नाही, तिने गाडीत बसायचंच कशाला? ज्याच्या सहीने पगार होतो तो भर पावसात काच खाली करून “बस” म्हणतो, तेव्हा साडेनऊ हजारांची मुलगी काय उत्तर देणार? हसरा चेहरा पाठवणं हे पुष्कळदा वेळ मारून नेणं असतं. आम्ही नोकरी केलेल्या बायका हे जाणतो.

ऑफिसात मनं जुळूच नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझं लग्नच नोकरीत जमलं. 1989 साली पिंपरीच्या एका कंपनीत मी अकाउंट्सला होते, हे स्टोअर्सला. एका फेरीत होणाऱ्या कामासाठी माल-पावत्या घेऊन हे तीन-तीनदा माझ्या टेबलाशी यायचे. सगळा विभाग बघत होता. पण मी ‘नाही’ म्हटलं असतं तर माझा पगार थांबला नसता, आणि हे यांनाही ठाऊक होतं.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा डिसेंबर 2013 पासून लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे तक्रार ऐकायला अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाई हवी, एक सदस्य बाहेरचा हवा. आम्ही चौतीस जण होतो. समिती कागदावरसुद्धा नव्हती. ज्या बाहेरच्या माणसाला तिने मेसेज दाखवले असते, तो माणूसच तिथे नव्हता. आणि टिळक रोडवरचे दवाखाने, नारायण पेठेतली सीएंची ऑफिसं, अप्पा बळवंत चौकातली दुकानं, जिथे चार-पाचच माणसं असतात, तिथल्या मुलींसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. किती जणींना हे माहीत आहे? आपल्या वृत्तपत्राने त्या समितीचा पत्ता आणि फोन दर महिन्याला एकदा छापावा, अशी माझी विनंती आहे.

मालकांनाही सांगणं आहे. मन ढळलं तर गाडीतून सोडणं बंद करा, मेसेज बंद करा, तिचं काम मॅनेजरकडे द्या. जमत नसेल तर स्वतः केबिन बदला. तरीही तिला काढायचंच असेल, तर एका महिन्याच्या पगारावर बोळवण करू नका. दुसरी नोकरी मिळेपर्यंत, निदान सहा महिने, तिचा पगार चालू ठेवा आणि अनुभवाच्या दाखल्यात खरं लिहा. हाच न्याय मुलांनाही लागू आहे. सहकारी मुलीशी चेष्टामस्करी केली एवढ्या कानोकानी आलेल्या गोष्टीवर, त्याला किंवा तिला काही न विचारता घरी पाठवलेला मुलगाही मी पाहिला आहे.

आमच्याकडच्या दाखल्यात ‘स्वेच्छेने नोकरी सोडली’ असं लिहिलं होतं. तो दाखला मीच टाइप केला. तिने तो उभ्याउभ्या वाचला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून रसीद तिकीट शोधत राहिले. त्या वेळी माझ्या मुलाचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू होतं, मला नोकरी हवी होती. कारण खरं आहे, पण ते तिला सांगता येण्यासारखं नाही.

माझं नाव छापू नये. मी आता निवृत्त आहे, मला कुणाची भीती नाही. पण नावावरून वर्कशॉप कळेल आणि वर्कशॉपवरून ती कोण हेही कळेल. ती आज चाकणला नोकरी करते.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस,
सहकारनगर, पुणे