भाकरीचा डबा खाली काढा

पुणे, रविवार दुपार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

रोज फोन होतो तरी पत्र लिहितेय, कारण आपला फोन कायम आईच्या हातात असतो आणि कायम स्पीकरवर असतो. मला जे बोलायचंय ते बाबांशी आहे. ते स्पीकरवर बोलवत नाही. बाबा, चष्मा लावून तुम्हीच वाचा. आई, तू नंतर.

परवा आई बोलता बोलता म्हणाली, "तू येणार म्हटलं की हे कडक भाकरीचा डबा वरच्या फळीवर ठेवतात. पहाटे पाचलाच चहा-भाकरी उरकतात आणि वाडगा धुऊन पालथा घालतात." ती हसत होती. मीही "काय हो बाबा पण!" म्हणून हसले आणि फोन ठेवला. मग कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजायचं राहिलं. भाताचा गोळा झाला त्या दिवशी.

हे कधीपासून सुरू झालं ते मला माहीत आहे. तुम्हांलाही आहे, फक्त तुम्ही बोलणार नाही.

नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्ही दोघं इथं आला होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये सगळे चहाला बसले होते. सासूबाई होत्या, त्यांच्या नात्यातल्या दोन बायका होत्या. तुम्ही पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कडक भाकऱ्या काढल्या, एक दोन्ही तळव्यांत धरून कट्‌कन मोडली आणि माझ्याकडे वाडगा मागितलात. त्या बायकांपैकी एकीनं दुसरीकडे पाहिलं. बस, एवढंच झालं होतं. कुणी काही बोललं नव्हतं. बोलले मी. तुमच्या कानाशी येऊन म्हटलं, "बाबा, इथं नको ना." आणि मारीच्या बिस्किटांची बशी पुढे केली.

तुम्ही तुकडे परत कागदात बांधलेत. दोन बिस्किटं खाल्लीत आणि म्हणालात, "छान आहेत." गेल्यावर सोफ्याच्या फटीत भाकरीचा पांढुरका चुरा सापडला, तो मी हातानं वेचला. झाडू मारावासा वाटला नाही.

सात वर्षं होतील आता. माफी मागायला फार उशीर झाला, तरी मागते.

गंमत म्हणजे हे खाणं मला तुम्हीच लावलंत. वाडग्यात मोडलेली भाकरी, वरून उकळता चहा, मग पेपरचं पहिलं पान वाचून होईस्तोवर हात लावायचा नाही. एवढ्या वेळात ती मऊ होते, पण लगदा होत नाही. साध्या शिळ्या भाकरीला ते जमत नाही, ती चहात पडली की विरते. कडक भाकरी पातळ थापलेली आणि पार वाळवलेली. आत ओल म्हणून नाहीच, त्यामुळे महिनाभर टिकते आणि चहा पिते ती सावकाश. मग चिमटीभर शेंगाचटणी, तीही आईनं उखळात कुटलेली, तेल सुटलेली. चहावर तिचे लाल तेलाचे बारीक डोळे तरंगायला लागले की तुम्ही म्हणायचात, "आता हाण." गोड, खारट, लसणाचा झटका आणि शेवटी वाडगा तोंडाला लावून तळाचा दाट चहा. आमच्या वर्गातल्या एका पोरीनं मला असं खाताना पाहिलं आणि "शी, कसं खाते बे ही!" म्हणाली. तेव्हा मला मुळीच लाज वाटली नव्हती. आठ वर्षांच्या पोरीला जे जमलं ते बत्तिसाव्या वर्षी जमलं नाही.

आणि आपल्या गल्लीत सरळ जेवत तरी कोण होतं? शेजारच्या अक्का, त्यांच्या घरात दिवसभर मागाची खटखट. उन्हाळ्यात दुपारी त्या दहीभात कालवायच्या, पेरुगन्नम, आणि सोबत पिकल्या आंब्याची फोड. भाताचा घास, आंब्याचा चावा, भाताचा घास. आई पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "दह्याबरोबर आंबा? पोट बिघडेल पोरांचं." पुढच्या उन्हाळ्यात आपल्या घरीही तेच. पलीकडे कानडी आजी पुरणाची होळगी दुधात कुस्करून वर कैरीचं लोणचं घ्यायच्या. तेलुगू, कानडी, मराठी अशा तिन्ही भाषा एका नळावर भांडायच्या, तर जेवणं वेगवेगळी कशी राहतील! पुण्यात मला कुणी विचारलं की 'तुमचं सोलापूरचं ऑथेंटिक काय?' की मी शेंगाचटणी म्हणून मोकळी होते. खरं उत्तर अक्कांचा आंबा-दहीभात आहे, पण ते हॉटेलच्या मेनूत बसत नाही.

गड्ड्याच्या जत्रेचं आठवतं? होम मैदानावर पाळण्यात बसायच्या आधी गरम जिलेबी आणि मिरची भजी एकाच कागदात घ्यायची. तुम्ही भजं जिलेबीत गुंडाळायचात. धाकट्याच्या स्वेटरवर पाक आणि तेल दोन्ही, आणि आईचा आरडाओरडा. ते काही मला आता जमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. गेल्या संक्रांतीला इथं करून बघितलं, दोन घासांत थांबले. काही गोष्टींना धूळ आणि गर्दी लागते बहुतेक.

चहा-भाकरीचं मात्र तसं नाही. ऑफिसात एक मुलगी आहे, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. तिला मी (नाव न सांगता, 'आमच्याकडे एक जण' म्हणून) विचारलं. ती म्हणाली, यात विचित्र काय? मिठानं कडवटपणा दबतो, म्हणून उकळून कडू झालेला चहा चटणीबरोबर गोड लागतो. आणि मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो, म्हणून दुधाच्या चहानं तोंड निवतं. बाबा, तुम्ही चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिलेत, पण हे गणितही तुमचं बरोबर होतं.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही बातमीचं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतंत. २०२३ तर जगभर भरडधान्यांचं वर्ष झालं. आमच्या कँटीनमध्ये त्या वर्षी ज्वारीचा पिझ्झा ठेवला होता. रांग लागली होती त्याला. मीही लागले रांगेत! पिझ्झ्याच्या रांगेत उभी राहताना कुणी बघतंय का, असं मनात आलं नाही.

आता एक गुपित, आई, हे मोठ्यानं वाचू नकोस. मागच्या महिन्यात रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा. सासूबाई ओट्यापाशी उभ्या. समोर गुलाबजामचं पातेलं, गुलाबजाम संपलेले, उरलेल्या पाकात त्या शिळी पोळी बुडवून खात होत्या. दुसऱ्या हातात लोणच्यातली मिरची. मला बघून चोरी पकडल्यासारख्या दचकल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांची सवय गं. इकडे आल्यावर कुणासमोर नाही खाल्लं कधी." लग्नाला त्यांच्या शेहेचाळीस वर्षं झाली. मी दुसरी पोळी काढली आणि अर्धी अर्धी केली. खाताना मी त्यांना बिस्किटांच्या बशीचं सगळं सांगितलं. त्या इतकंच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, आपल्याकडचा चहा त्यांना आवडला नाही."

म्हणजे त्या सकाळी तुम्हांला लपवायची गरजच नव्हती. वाडगा दिला असता तर कदाचित त्यांनीही मागितला असता. हे कळल्यापासून मला जास्तच वाईट वाटतंय.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघतोय आम्ही, मी आणि पोरगा. जावयांना सुट्टी नाही. पोराला तुमचा वाडगा दाखवायचाय. तो सध्या दहीभातात केळं कुस्करून खातो, त्याला हे कुणी शिकवलं नाही. अक्कांना कळवा.

तेव्हा डबा वरच्या फळीवरून खाली काढून ठेवा. स्टुलावर चढू नका, धाकट्याला सांगा. आणि रविवारी पाचला एकटे उरकू नका, मला उठवा. नाही उठले तर वाडगा वाजवा. चहात साखर मात्र अर्धाच चमचा, त्या बाबतीत मी डॉक्टरांच्या बाजूनं आहे. आई, चटणीत लसूण नेहमीसारखा असू दे, इथल्या आणलेल्या पाकिटात तो नावालाच असतो.

तुमची,
मोठी

ता. क. सासूबाईंनी अर्धा किलो कडक भाकरी आणायला सांगितलीय. पातळवाली.